दोन दिवसांची सुट्टी

वनिता साळवे धारूरला मोहनरावांच्या घरी गेली ती पंधरा दिवसांसाठी. मोहनरावांची आई, केशरबाई, लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. उजवं अंग गेलं होतं, वाचा बसली होती. वनितानं स्वतःच्या सासूचं शेवटपर्यंत केलं होतं. दवाखान्यातल्या नर्सला ते ठाऊक होतं, तिनंच नाव सुचवलं. त्याला चार वर्षं होऊन गेली.

पहिल्या आठवड्यात म्हातारी तिच्या हातचं खाईना. वनिताचं आडनाव घरात कळलं होतं, तिचा चहाचा पेलाही मागच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असायचा.  वनिता घास घेऊन बसायची आणि म्हातारीनं मान फिरवली की तेवढाच वेळ तिचे पाय चोळायची. मग एके दिवशी तिनं केशरबाईंचा धड असलेला डावा हात आपल्या हातावर ठेवला आणि चमचा दोघींनी मिळून उचलला. म्हातारीनं तोंड उघडलं. त्यानंतर पेला कधी घरात आला ते कुणी बोललं नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हातचा घास मात्र केशरबाईंना चालेना.

दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, लघवीचं भांडं द्यायचं, घट्ट पेज भरवायची. अंगाला हात लावण्याआधी वनिता सांगायची, "आता कुशीवर वळवते बरं का, माय." चार वर्षांत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर मोहनरावांना म्हणाले, "या बाईंना सोडू नका." मोहनरावांनी ते मनावर घेतलं.

तेलगावला वनिताचे वडील माणिकराव एकटेच राहायचे. आधी ती महिन्याकाठी जाऊन यायची. ती गेली की केशरबाई उपाशी राहायच्या, आणि परतल्यावर सगळं घर तिच्याकडं असं बघायचं, की हळूहळू तिनं जाणंच सोडलं. केशरबाईंच्या खोलीची खिडकी पेठेच्या रस्त्यावर उघडायची. तेलगावकडं जाणाऱ्या जीपवाल्यांचा पुकारा दिवसभर ऐकू यायचा. वनिता ती खिडकी लावून घ्यायची.

यंदा माणिकरावांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. वनितानं महिनाभर आधी मोहनरावांच्या कानावर घातलं.

"दोन दिवस पायजेत, दादा. घरी औषध घालायला कुणी न्हाई."

मोहनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊपणानं म्हणाले, "अगं, तू गेलीस की आई तोंड मिटती. तू काय परकी हाईस का? तूच सांग काय करावं."

घरचीच म्हटल्यावर काय बोलणार? वनिता पेज ढवळत राहिली.

शेवटी तिनं स्वतःच वाट काढली. तेलगावच्या शेजारणीची मुलगी पौर्णिमा बीडला रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती. तिला वनितानं बोलावून घेतलं. पोरगी हुशार होती. नाडी बघायची, रक्तदाब मोजायची, वहीत टिपून ठेवायची.

"हे सगळं येतंय तुला, लई चांगलं," वनिता म्हणाली. "पण हात आधी चोळून ऊन कर. गार हातानं म्हातारं माणूस दचकतं. आणि किळस आली तर येऊ दे, तोंडावर दिसू द्यायची न्हाई. इथलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं न्हाई. तिनं थुंकलं तर राग धरायचा न्हाई, तिच्या हातात आता थुंकणंच राहिलंय."

पौर्णिमानं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मावशी, तुमची सुट्टी कोणत्या दिवशी असती?"

वनिता पेजेचं पातेलं उतरवायला उठली.

सहाव्या दिवशी केशरबाईंनी पौर्णिमाच्या हातून चार चमचे पेज घेतली. वनिता दारात उभी होती. छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलंही. म्हातारी तिच्याविना जेवत होती.

पण संध्याकाळी पौर्णिमानं मोहनरावांना सरळ सांगितलं, की आठवड्याला एक सुट्टी आणि दिवसाचे ठरलेले तास असतील तर ती राहील. मोहनराव हसले. "घरात असं घड्याळ लावून चालत न्हाई, बाळा."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं पिशवी भरली.

"चार दिवस तरी थांब गं," वनिता म्हणाली. "माझ्यासाठी."

"मावशी, मी थांबले तर तुमी सुटताल. मग मला कोण सोडवणार?" पौर्णिमा खाली बघत म्हणाली. वनितानं तिला जीपपर्यंत सोडलं. आपल्या जागी कोणाला तरी अडकवायलाच आपण निघालो होतो, हे तिला तिथं कळलं.

ऑपरेशन परवावर आलं होतं. घरी येऊन वनिता स्वयंपाकघरात गेली. मोहनरावांची बायको सत्यभामा भाकरी थापत होती. मोहनरावांकडं सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहा-जेवण एकटीच उरकायची ती.

"वैनी, मी उद्या चालले. तुमी माझ्याबरोबर बसा, मी दाखवते."

सत्यभामाचा हात थांबला. "मला किळस येती. खोटं कावून बोलू?"

"मलाबी येत होती."

"मग?"

"मग काय न्हाई. करत राहिले."

दोघी केशरबाईंच्या खाटेशी बसल्या. वनितानं सुनेचा हात सासूच्या हाताखाली ठेवला. चमचा सांडला, पुन्हा भरला. म्हातारी रडवेली होऊन वनिताकडं बघत होती. वनितानं मान वळवली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्या नजरेला ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. मोहनराव ओसरीवर पेपर वाचत राहिले. ऑपरेशन झाल्यावर तेलगावला तिनं वडिलांच्या डोळ्यात थेंब घातले, खिचडी केली, पण कान फोनकडं. एकदा सत्यभामाचा फोन आला. नुसतं पाणी घेतलंय म्हणाली. वनिता उठून पिशवी शोधायला लागली. माणिकराव पट्टी बांधलेल्या डोळ्यानं अंदाजानं म्हणाले, "बस पोरी. दोन दिवस सांगितलेत ना? दोन दिवस रहा."

ती राहिली. तिनंही नुसतं पाणीच घेतलं.

परतली तेव्हा केशरबाई वाळल्या होत्या, पण जिवंत होत्या. वनिताला बघून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या दुपारचे घास सत्यभामानंच भरवले, तिनंच पदरानं तोंड पुसलं. म्हातारीचा रुसवा तिसऱ्या दिवशी उतरला.

आता महिन्याला दोन दिवस वनिता तेलगावला जाते. तेवढं सत्यभामानं नवऱ्याशी बोलून ठरवलं. बाकीचे अठ्ठावीस दिवस त्याच खोलीत जातात. मध्यंतरी पौर्णिमाचा बीडहून फोन आला होता, तिथं दवाखान्यात आठ-आठ तासांची पाळी आहे, या म्हणाली. वनिता म्हणाली, "म्हातारी हाय तोवर कसं यावं?"

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले. तिची सुटका म्हणजे केशरबाईंचा मृत्यू. आणि रोज पेज घोटून, पाठ पुसून, कूस बदलून तोच दिवस ती स्वतःच्या हातानं लांबवत होती. असा विचार मनात आला म्हणून तिला शरम वाटली. तिनं हात चोळून ऊन केले आणि खाटेजवळ गेली.

"वळवते बरं का, माय," ती म्हणाली.