मैनाबाईनं हुंगलेली भट्टी

तरुणपणी गावोगावच्या दंडारीच्या नाटकांत मी लुगडं नेसून राण्यांच्या भूमिका रंगवल्या, टाळ्या घेतल्या. पण मैनाबाईसारखा प्रवेश मला कधी साधला नाही. डोक्यावर रिकामं घमेलं, कमरेला खोचलेला पदर, आणि बाई थेट शाळेच्या दारात!

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मैनाबाई तिथे रेजा म्हणून माती वाहायची. नवरा गावीच मोहाच्या दारूनं गेलेला. एकुलती लेक नलू चौथीत होती. पास झाली तर दुर्गला पुढे शिकेल, नाहीतर आईसोबत घमेलं उचलेल, असं ठरलेलं.

शाळेच्या रत्नमालाबाईंची रीत निराळी. गणित, भूगोल, मराठी असे वेगळे तास नाहीत. महिनाभर एकच वस्तू घ्यायची आणि सगळं तिच्यातून शिकवायचं. आमच्या मजुरांच्या वस्तीला हे मुळीच पटेना. पाढ्यांचा आवाज नाही, पोरांचे हात चिखलानं भरलेले. बाई करतात तरी काय? मीसुद्धा जाता-येता खिडकीशी कान लावायचो.

एका संध्याकाळी नलू म्हणाली, "आई, बाई आमाले भट्टी लावाले शिकवून राहिल्या!"

मैनाबाईला एकच भट्टी ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दारातून गरजली, "बाई, त्या भट्टीनं माहा घरवाला खाल्ला. आता पोरगीबी देऊ का?"

रत्नमालाबाई आधी गोंधळल्या, मग त्यांनी कोपऱ्यातली मुलांनी रचलेली मातीची भट्टी दाखवली. "मावशी, ही लोखंडाची. लोखंडाचा दगड जिथून येतो ते राजहरा नकाशात शोधलं, कोळशाच्या टोपल्यांचा हिशेब केला, आता त्यावर निबंध लिहितोय."

मैनाबाईनं खाली बसून भट्टीच्या तोंडात नाक खुपसलं. पोरं खिदळली.

"हसून कावून राहिले रे? मले वास वळखता येते!"

वास मातीचाच होता. तरी ती रोज संध्याकाळी नलूचे हात हुंगायचीच.

परीक्षेला दुर्गहून साहेब आले. खिडकीबाहेर आम्ही दोघं. नलूनं धडा झरझर वाचला. मग साहेबांनी विचारलं, "तेरा सत्ते?" नलू अडली.

मैनाबाईनं माझं मनगट आवळलं. "पाहा दादा, पाढेच नाही शिकवले!"

नलूनं डोळे मिटले, बोटांनी हवेत टोपल्या मांडल्या. "एक्याण्णव!"

निकाल लागला, नलू पास. मी पेढा घेऊन गेलो. मैनाबाईचे डोळे भरले होते, पण कपाळावरची आठी गेली नव्हती.

"पास झाली, लय चांगलं झालं. पर दादा, पाढे तर एक दिवस आयकू नाही आले. मंग पोरगी शिकली कवा?"

आणि तिनं पेढाही आधी हुंगला, मगच तोंडात टाकला.