दारावरचं बिडीचं ताट

नानांनी तोंड उघडलं आणि वासावरूनच मला कळलं. चार दिवसांपूर्वी मी त्यांची खालची दाढ हाड कापून काढली होती. खड्ड्यात रक्ताची गुठळी दिसायला हवी होती, तिथे उघडं हाड होतं.

आम्ही याला ड्राय सॉकेट म्हणतो. दाढेच्या जागी जमलेली गुठळी हीच जखमेची खपली. बिडीचा झुरका ओढला की ती निसटू शकते. धुराने रक्तवाहिन्याही आकसतात, मग जखमेला रक्त कमी मिळतं. त्यात नानांना शुगर. जंतुसंसर्ग होऊन पू हाडात उतरला असता तर जबड्याचा तुकडा काढावा लागला असता.

"बिडी ओढली ना?" माझा आवाज चढला. "लिहून दिलं होतं. शपथ घेतली होतीत."

नाना म्हणजे अमळनेरजवळच्या गावाहून एसटीने पिंप्राळ्याला माझ्या दवाखान्यात आलेला साठीचा माणूस, गाल सुजलेला. सोबतच्या अक्का, त्यांची बायको, म्हणाल्या, "डॉक्टर, यासना धाकला भाऊ गया. परवा."

मी खुर्ची ओढून बसले. माझीच मला लाज वाटली.

मग नाना बोलले. "दारवर ताट फिरस. मी मोठा शे. मी बिडी नही लिधी तर बठ्ठा म्हनतीन, याले भाऊनं दुख नही."

कुणी गेलं की त्या घरी 'दारावर' बसायला, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्यांपुढे बिडी-सुपारीचं ताट फिरवतात, हे मला माहीत होतं. दिवसभर माणसं येत होती आणि प्रत्येकासोबत नाना एक पेटवत होते. हे औषधाने थांबणार नव्हतं.

जखम धुतली, औषधाची पट्टी भरली. मग अक्कांना विचारून नानांच्या भावजयीला फोन लावला. नवरा जाऊन दोन दिवस झालेल्या बाईला जबड्याचं काय सांगायचं, मला सुचेना. जमेल तसं सांगितलं.

"एक माणूस गया," ती म्हणाली. "आते मना दारवर बिडीनं ताट फिरनार नही."

फोन स्पीकरवर होता. नाना माझ्या खुर्चीत ढसाढसा रडले. पट्टी निसटेल म्हणूनही मी अडवलं नाही.

तेराव्यापर्यंत तिथे बडीशेप फिरली. काही म्हातारे कुरकुरले म्हणे. महिन्याभराने खड्डा गुलाबी मांसाने भरला आणि जबडा वाचला.

माझ्या केसपेपरवर 'दिवसाला किती बिड्या?' हा प्रश्न पहिल्यापासून होता. आता त्याखाली मी हाताने एक ओळ लिहिते: 'कुठे दारावर बसायला जायचंय का?'