वंदनाताई डमीपाशी का अडायच्या

वंदनाताई परत अडल्या. एक हात बेडवरच्या डमीच्या, म्हणजे पेशंटच्या पुतळ्याच्या खांद्यावर, दुसरा कमरेवर, आणि बाई नुसत्या उभ्या.

"सिस्टर, यांचं नाव परीक्षेच्या यादीतून काढा," सेंटरचे मॅनेजर माझ्या कानाशी म्हणाले. "शुक्रवारी एक्झाम आहे. बॅचचा रिझल्ट खाली येईल."

मी आयुष्यभर नर्स होते. रिटायर झाल्यावर तुळिंजच्या या सेंटरमध्ये बायकांना पेशंट केअर शिकवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना बेडसोअर म्हणतात. वळवायची पद्धत सोपी. गुडघा दुमडायचा, हात छातीवर घ्यायचा, खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे ओढायचं. मी तीनदा दाखवलं होतं. दरवेळी विचारायची, "समजलं का?" सगळ्या एका सुरात, "हो सिस्टर!" मी खूश.

वंदनाताई चांदीपच्या, पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच नोकरी शोधत होत्या. वसईतल्या एका वृद्धाश्रमानं सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, लगेच घेतो. त्यांचं नाव काढणं माझ्या जिवावर आलं. तरी वैतागून बोललेच, "अहो, का थांबता दरवेळी?"

त्या ओशाळल्या. "सिस्टर, मी त्याला इचारते, वळवू का? तो काय बोलतच नाय."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, कबूल करते. मग विचारलं, हे शिकवलं कोणी?

"सासू सहा वरसं खाटेवर होती. न सांगता हात लावला तर घाबरायची, आंग ताठ करायची. मंग कोन वळवनार तिला?"

माझ्या पद्धतीत ही पायरीच नव्हती. मी चपला काढल्या आणि बेडवर आडवी झाले. "वळवा मला."

त्यांनी आधी तळवे घासून गरम केले. "सिस्टर, आता खिडकीकडं वळवते हां?" मी हो म्हटलं. कधी वळले ते कळलंही नाही. इतकी वर्षं मी माणसं वळवली, मला कोणी वळवलं नव्हतं. नुसतं छताकडे बघत पडलं की किती परस्वाधीन वाटतं, ते त्या दिवशी समजलं. डोळ्यांत पाणी आलं.

मग मी "समजलं का?" बंद केलं आणि "करून दाखवा" सुरू केलं. प्रत्येकीला आळीपाळीनं पेशंट केलं. झोपलेली बाई चूक लगेच सांगते, "अगं, नखं लागतात तुझी!" माझ्यापेक्षा कडक मास्तरणी.

शुक्रवारी एक्झामिनर मॅडमना विनंती केली, पेशंट म्हणून मी झोपते. "नियमात डमीच आहे," त्या म्हणाल्या.

वंदनाताई डमीपाशी गेल्या. गुडघा दुमडला, हात छातीवर घेतला. "वळवू का?" विचारलं आणि थांबल्या. माझा जीव टांगणीला. मॅडमनी कागदावरून मान वर केली.

"हो," मॅडम म्हणाल्या, "वळवा."

वंदनाताई पास झाल्या आणि कामावर रुजू झाल्या. छापील सिलॅबस अजून तोच आहे. माझ्या प्रतीत पहिल्या पायरीच्या वर मी पेनानं लिहिलंय, 'आधी विचारा'. प्रत्येक बॅचला सांगते, ही ओळ वंदनाताईंची. ती शिकायला मला मात्र रिटायर व्हावं लागलं.