ग्रिलची चावी

आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर तो राहतो. कुठं आग लागली की फायर ब्रिगेडसाठी ड्रोन उडवतो. जिन्यात भेटला की "काय, कसं काय?" वगैरे नाही. "खिडकीच्या ग्रिलची चावी कुठे ठेवलीय?" एवढंच विचारतो. लोक वैतागतात. मीही एकदा म्हणालो, "अरे बाबा, कपाटात आहे."

"धुरात कपाट सापडतं का?"

मग पायरीवरच बसून त्यानं केबिन रोडची आग सांगितली. "चौथ्या मजल्यावर एक बाई ग्रिल धरून उभी. ड्रोन दिसला तशी हात हलवायला लागली. तिला वाटलं, आला आपल्याला न्यायला. मी खाली स्क्रीनवर बघतोय. चावी कुठंय, एवढंच विचारायचं होतं. पण ड्रोनला तोंड कुठंय?"

"वाचली ना?"

"वाचली. पण ग्रिल कापेपर्यंत माझ्याकडेच बघत होती."

पुढच्याच रविवारी त्यानं माणूस बोलावून स्वतःच्या घराचं अख्खं ग्रिल कापून टाकलं. मी आमची चावी खिडकीशेजारी खिळ्याला टांगली.

त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. नुकतीच खुर्चीवर चढायला शिकलीय. हल्ली गेटातून आत शिरताना मी आधी त्याच्या खिडकीकडे बघतो.