बागेतले नाकतोडे

मला सरड्याची शिसारी. लग्न करून साताऱ्याहून तासगावकडच्या या द्राक्षबागेत आले, तेव्हा ओसरीच्या खिडकीला जाळी ठोकून आत बाभळीची फांदी उभी केलेली होती, आणि तिच्यावर वीतभर हिरवा सरडा, शेपटीची गुंडाळी करून. एक डोळा माझ्याकडे, दुसरा सासूबाईंकडे. म्हटलं, झालं! माझ्यावर नजर ठेवायला घरात हाही एक आहेच.

तो सासऱ्यांचा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. फौजेतून पेन्शनीवर आलेले, बोलणं मोजकं. असला सरडा दिसला की गावात लोक दगड घालतात. तसाच मार खाऊन पाय मोडलेला त्यांनी उचलून आणला होता. मेलेलं तो तोंडात धरत नसे. म्हणून मामा रोज सकाळी पावडरचा रिकामा डबा घेऊन बांधावर जात आणि जिवंत नाकतोडे धरून आणत. मग खुर्ची जाळीला लावून बसत. जीभ सटकन सुटे आणि पाठोपाठ चावण्याचा आवाज येई, कुडुम कुडुम, कुणी पापड खावा तसा. "जेवला गडी," असं म्हणून मगच ते स्वतःच्या चहाला हात लावत.

मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. निघताना मामा माझ्यापाशी थांबले. "पोरी, चार दिवस तेवढं बघ. जित्तंच लागतंय त्याला."

आजवर त्यांनी मला पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. नाही कशी म्हणणार?

पहिले दोन दिवस नुसती फजिती. पदर खोचून बांधावर उड्या मारल्या, खुरपणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या, आणि हाताला लागले तीन नाकतोडे. तिसऱ्या दिवशी बागेच्या कडेनं गेले, तर शेंगा तोडाव्यात तसे आठ-दहा उचलले. एकही उडेना. पाय तेवढे हलवत होते. म्हटलं, जमलं गं बाई आपल्याला! सगळे जाळीत सोडले. त्यानं एकेक करून संपवले, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

सकाळी तो फांदीखाली पडलेला. शेपटीची गुंडाळी सुटलेली. नवरा बघायला आला नि म्हणाला, "बागेतलं घातलंस? आगं, आदल्या दिवशी औषध मारलंय की!" फवारणीचा वास मलाही आला होता. पण बागेत तो कायमचाच, म्हणून मनावर घेतला नव्हता.

मामा आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. दुसऱ्या डोळ्यालाही सगळं धुरकट दिसायचं. खुर्ची जाळीला लावली आणि थोड्या वेळानं विचारलं, "जेवला का गडी?"

"जेवला," मी म्हणाले.

डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते कारण मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्याले होते. मग रोज बांधावर जायचं, नाकतोडे धरायचे, येऊन जाळीची कडी वाजवायची आणि डबा परसात नेऊन रिकामा करायचा. आठ दिवस हे चाललं. रोज ते विचारायचे, रोज मी जेवला म्हणायची.

पट्टी सुटली त्या दिवशी मामांनी जाळीकडे बघितलंही नाही. मला रडू फुटलं. "मामा, चुकलं माझं. बागेतले घातले मी."

"ती चूक माझी. सांगायला पायजे हुतं मीच," ते म्हणाले. "पण पयल्याच दिवशी समजलं मला. चावल्याचा आवाज न्हाई आला. मग रोज इचारत ऱ्हायलो, आज तरी सांगशील म्हणून."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. जाळी मात्र दुपारी स्वतःच उचकटून काढली.

पुढे मामा कधी गावाला निघाले की कपाटाची किल्ली सासूबाईंकडे देत, गुरांचं नवऱ्याला सांगत. माझ्यापाशी आले की जरा थांबत, आणि "येतो पोरी," एवढंच म्हणत.