पाँडिचेरीवाल्याचा पंचा

आखाती युद्धाच्या वेळी मी सौदीतल्या जुबैलला पाइप फिटर होतो. कंपनीने मला आणि पाँडिचेरीच्या एका फिटरला वाळवंटातल्या छावणीवर पाण्याच्या टाक्या जोडायला धाडलं. एक टाकी इंग्रज सैनिकांची, दुसरी फ्रेंचांची. आधी कुठली जोडायची, एवढ्यावरून आमचं पेटलं. माझे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते, त्याचे फ्रेंचांच्या. मोडक्या हिंदीत तो इंग्रजांना चोर म्हणाला. मग मीही शाळेत पाठ केलेला इतिहास बाहेर काढला. "आमच्या इंग्रजांनी तुझं गाव जमीनदोस्त केलं होतं, विसरलास?"

आमच्या इंग्रजांनी! जीभ कशी झडली नाही माझी?

त्याने ठोसा मारून माझे दोन दात पाडले. मी हातातला पाना त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फाटून हाड दिसलं, तरी त्याला वाळूत पाडून मारतच राहिलो. एक इंग्रज आणि एक फ्रेंच सैनिक एकाच लायटरवर सिगारेटी पेटवून आमची मजा बघत होते.

तेवढ्यात क्षेपणास्त्राचा भोंगा झाला. विषारी गॅसच्या भीतीने त्या दोघांनी मास्क चढवले आणि खंदकात उड्या टाकल्या. आम्हाला मास्क कोणी दिलेच नव्हते. मी टाकीखाली शिरलो. मागोमाग तो रांगत आला. कपाळावर दाबून धरलेला पंचा त्याने बाटलीतल्या पाण्याने भिजवला, टर्रकन फाडला आणि अर्धा माझ्या नाकातोंडावर दाबला.

पंच्याला त्याच्याच रक्ताचा वास येत होता.