सीटखालचा नंबर गेला

मंडळी, फ्रेमवर सीटखाली ठोकलेला नंबर पाठवा, सायकलचं साल सांगतो, असं तुम्ही म्हणाला होता. आमच्या अण्णांनी ती साठच्या आसपास घेतली. नक्की साल त्यांना आता आठवत नाही.

दर दसऱ्याच्या आयुधपूजेला अण्णा तिला काळा रंग द्यायचे. थरावर थर. त्यामुळे नंबर बोटाला लागायचा, पण वाचता येत नव्हता.

आज यशवंतपूरच्या सायकल दुकानात मेकॅनिकला म्हटलं, "इथला रंग स्वल्प काढा." मी कॉफी पिऊन येईपर्यंत त्यानं ग्राइंडरनं रंगासकट नंबरही घासून टाकला होता. "आरशासारखं केलंय, सर," तो खुशीत म्हणाला. मला रागावताही येईना.

घरी अण्णांनी सीटखाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"ही आमची नव्हे," म्हणाले.

सालाचं राहू दे. आता त्यांना कसं पटवू, तेवढं सांगा.